टेप पुढे, ड्रम मशीन मागे

[दृश्य: चार ट्रॅकच्या रेकॉर्डरमध्ये फिरणारी कॅसेट. शेजारी ड्रम मशीन, त्यावर आकडा १२०.]

ड्रम मशीनवर १२०ची लय, म्हणजे मिनिटाला १२० ठोके. रेकॉर्डरवरही १२०. दोन्हींची बटणं एकदम दाबली, तर गाणं शेवटपर्यंत जुळून राहील का? नाही राहणार. एकाचे १२० खरे आणि दुसऱ्याचे ११९.९८ असले, तरी चार मिनिटांच्या शेवटी ४० मिलिसेकंदांची फट पडते. तेवढ्यात एका किकच्या, म्हणजे मोठ्या ड्रमच्या ठोक्याच्या, दोन ऐकू येतात. म्हणून घड्याळ एकाचंच चालवायचं, दुसऱ्यानं निमूट त्याच्या मागे यायचं.

ते घड्याळ मिडीच्या केबलमधून जातं. मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांना निरोप द्यायची ठरलेली भाषा. जानेवारी १९८३मध्ये सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन सिंथेसायझर या केबलनं जोडून दाखवले गेले. दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली. पाच पिनांचा गोल प्लग आजही तोच आहे. या केबलमधून आवाज जात नाही, त्यासाठी वेगळी वायर लागते. मिडीतून जातात ते निरोप: ‘सुरू कर’, ‘थांब’, ‘आहेस तिथून पुढे चल’, आणि अखंड टिकटिक. एका ठोक्याला २४ टिका. १२०च्या लयीत सेकंदाला ४८, म्हणजे जवळपास दर २१ मिलिसेकंदांनी एक. टिकेमध्ये वेगाचा आकडा नसतो. टिका जशा पडतील तसं मशीन पावलं टाकतं.

[दृश्य: कॅसेटच्या कप्प्यातली मोटर आणि पट्टा, जवळून.]

आता खरी अडचण. १९७९मध्ये टॅस्कॅमचा पोर्टास्टुडिओ १४४ आला आणि चार ट्रॅक, म्हणजे एकाच टेपवर शेजारीशेजारी चार वेगळी रेकॉर्डिंग, घरात आले. पण अशा यंत्रातली मोटर बाहेरच्या टिकटिकीचं ऐकत नाही. ती आपल्याच चालीनं फिरते, कधी किंचित मंद, कधी किंचित जलद. तेव्हा टेप पुढे आणि ड्रम मशीन मागे, दुसरा इलाज नाही. मध्ये एक डबी लागते. ती मिडीची टिकटिक दोन सुरांच्या किरकिरीत बदलते आणि परत उलटंही करते. या किरकिरीला एफएसके म्हणतात.

आधी ड्रम मशीन स्वतःच्या घड्याळावर ठेवा. त्याचं मिडी आउट डबीच्या मिडी इनला, डबीचं टेप आउट रेकॉर्डरच्या चौथ्या ट्रॅकला. रेकॉर्डिंग सुरू करा, दहाएक सेकंद डबीचा नुसता सलग सूर जाऊ द्या, मग गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवा. आता केबली उलट्या जोडा: चौथ्या ट्रॅकचं आउटपुट डबीत, डबीचं मिडी आउट ड्रम मशीनच्या इनला. मशीनचं घड्याळ ‘बाहेरचं’ करा. टेप मागे नेऊन सुरू केली, की ड्रम आपोआप वाजू लागतात.

चौथाच ट्रॅक का? तो टेपच्या काठावरचा, त्याला शेजारी एकच. किरकिर त्या शेजाऱ्यात पाझरते, म्हणून तिसरा ट्रॅक शेवटी भरा किंवा त्यावर बेस ठेवा, गायकाचा आवाज नको. चौथ्या ट्रॅकवरची नॉइज रिडक्शन, म्हणजे टेपची खरखर कमी करणारी सोय, बंदच हवी, इक्वलायझर सपाट. ती चालू राहिली तर किरकिरीच्या कडा बोथट होतात, डबीची वाचण्यात चूक होते आणि मशीन अर्ध्या गाण्यात थबकतं. टेप वाचणारं हेड मळकट असलं तरी परिणाम हाच.

साध्या एफएसकेत गाण्यातली जागा नोंदलेली नसते. तिसऱ्या कडव्यापासून सुरू करायचं म्हटलं तरी दर वेळी टेप पार सुरुवातीला न्यावी लागते, आणि हे फार कंटाळवाणं आहे. नंतरच्या डब्यांनी जागाही लिहायला सुरुवात केली. मग मध्येच टेप लावली तरी मशीन बरोबर त्या मात्रेवर येतं.

एवढा खटाटोप कशाला? कारण ड्रम टेपवर भरावेच लागत नाहीत. तीन ट्रॅक गिटार आणि गाण्याला मोकळे राहतात, ड्रम शेवटच्या मिक्समध्ये स्टिरिओत थेट वाजतात. स्नेअर ड्रमचा आवाज आवडला नाही तर मिक्सच्या आदल्या रात्रीही बदलता येतो. लय मात्र बदलत नाही, ती किरकिरीत गोठलेली असते.

[दृश्य: लॅपटॉप, यूएसबी-मिडी केबल.]

कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करणाऱ्यांचं काम सोपं. सॉफ्टवेअरच्या मिडी आउटपुटमध्ये क्लॉक पाठवणं चालू करा आणि मशीन बाहेरच्या घड्याळावर ठेवा. काहीच हललं नाही तर केबलचे दोन प्लग अदलाबदल करून पाहा. ‘आउट’ लिहिलेला प्लग मशीनच्या इनमध्ये जातो, आणि इथेच बहुतेक जण फसतात. पहिला ठोका गिळला जात असेल तर गाण्यापुढे दोन बार, म्हणजे ठोक्यांची दोन आवर्तनं, रिकामे सोडा.

मग रिमशॉटचा, म्हणजे ड्रमच्या कडेवरच्या टोकदार ठोक्याचा, एक बार रेकॉर्ड करून स्क्रीनवर आवाजाची लहर मोठी करून पाहा. ठोका सॉफ्टवेअरमधल्या मात्रेच्या रेघेच्या मागे दर वेळी सारखाच पडत असेल, समजा १२ मिलिसेकंद, तर तेवढं वजा करून भरा, काम झालं. अंतर दर ठोक्याला बदलत असेल तर वजाबाकीचा उपयोग नाही. तेव्हा किक, स्नेअर, हायहॅट एकाच फेरीत वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्या. रेघेशी नाही, तरी ते आपापसात जुळलेले राहतात.