मर्सेडेसची नाणी आणि एक आई

(काचेमागे काळपट चांदीचा गोळा, अगदी जवळून.)

हा गोळा म्हणजे 1804 मध्ये बुडालेल्या मर्सेडेस या स्पॅनिश जहाजावरची, एकमेकांना चिकटलेली नाणी. गोणपाट कधीच कुजून गेलं, गोणीचा आकार मात्र चांदीने सांभाळला. नाणी आठ रियालची (रियाल हे स्पेनचं जुनं चलन), बहुतेक पेरूतल्या लिमाच्या टांकसाळीतली. त्यांच्यावर चेहरा आहे स्पेनच्या चौथ्या कार्लोस राजाचा.

(प्रयोगशाळा. पाण्याच्या टाक्या, हातमोजे घातलेले हात.)

समुद्रातून वर आलेली चांदी लगेच घासायची नसते. ती आधी पाण्यातच ठेवायची, पाणी बदलत राहायचं. धातूत मुरलेले क्षार सावकाश बाहेर येतात. त्यानंतर भिंगाखाली धरून गंजाचा एकेक पापुद्रा उतरवायचा. घाई केली तर राजाचा चेहराच निघून येईल. स्पेनमधल्या कार्ताहेनाच्या सागरी पुरातत्त्व संग्रहालयात आलेली ही नाणी आहेत सुमारे 5,94,000. वजन सतरा टन.

(चर्चमधली मूर्ती. मरियेच्या छातीत सात तलवारी.)

जहाजाला नाव मरिया मातेचं होतं: ‘नुएस्त्रा सेन्योरा दे लास मर्सेडेस’. याच मातेच्या नावाने 1218 मध्ये बार्सिलोनात एक धर्मसंघ उभा राहिला. संघाचे लोक दारोदार पैसे गोळा करत आणि ते भरून कैदेतली माणसं सोडवून आणत. तिच्या नावाने जमवलेला पैसा माणसांसाठी खर्च होत असे, एवढं ध्यानात ठेवूया.

(खुला समुद्र.)

1804. पेरूची चांदी घेऊन चार स्पॅनिश फ्रिगेट, म्हणजे वेगवान युद्धनौका, दक्षिण अमेरिकेतल्या माँतेव्हिदेओहून स्पेनमधल्या काडिझकडे निघाल्या. मर्सेडेसवर होत्या होसेफा बाल्बास्त्रो आणि त्यांची सात मुलं. नवरा दिएगो दे आल्वेआर नौदलात अधिकारी. ऐनवेळी त्यांची नेमणूक चारांपैकी मेदेआ या जहाजावर झाली आणि आणखी एक मुलगा, कार्लोस, त्यांच्यासोबत गेला. 5 ऑक्टोबरला पोर्तुगालच्या सांता मारिया भूशिराजवळ चार ब्रिटिश युद्धनौका आडव्या आल्या. दोन्ही देशांत तेव्हा युद्ध नव्हतं. तरी तोफा सुटल्या, मर्सेडेसच्या दारूकोठाराने पेट घेतला. सुमारे अडीचशे माणसं गेली. बापलेक दुसऱ्या जहाजावरून बघत होते.

होसेफांचं चित्र आमच्याकडे नाही, म्हणून या मूर्तीकडेच पुन्हा येतो. बायबलमध्ये, बाळ येशूला देवळात आणलं तेव्हा म्हाताऱ्या शिमोनाने मरियेला सांगून ठेवलं होतं, तुझ्याही काळजातून तलवार जाईल. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, ती वेळ येते तेव्हा आधी शिपाई दिसतात. ते येशूचे कपडे वाटून घेतात आणि बिनशिवणीच्या झग्यासाठी चिठ्ठ्या टाकतात. लगेच पुढची ओळ: वधस्तंभाजवळ त्याची आई उभी होती. वाटणी करणाऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं की नाही, योहान सांगत नाही.

(विमानतळ. लष्करी मालवाहू विमानं.)

2007 मध्ये अमेरिकेच्या ‘ओडिसी मरीन एक्स्प्लोरेशन’ कंपनीने अकराशे मीटरहून खोल तळातून ही नाणी काढली, जिब्राल्टरमार्गे फ्लोरिडाला नेली, आणि या शोधाला ‘ब्लॅक स्वान’ हे सांकेतिक नाव ठेवलं. फ्लोरिडातल्या टँपाच्या न्यायालयात मग चिठ्ठ्या पडू लागल्या. सापडलं आम्हाला, म्हणून आमचं, असं कंपनी म्हणाली. पेरू म्हणाला, चांदी आमच्या खाणींची. बराचसा माल व्यापाऱ्यांचा खाजगी होता, त्यामुळे त्यांचे वंशजही आले. हे आमच्या मृतांचं विश्रांतिस्थान आहे, असं स्पेनने सांगितलं. निकाल स्पेनच्या बाजूने लागला तो मात्र निराळ्या मुद्द्यावर: परक्या देशाची युद्धनौका आणि तिच्यावरचा माल जप्त करायचा अधिकार अमेरिकन न्यायालयाला नाही. फेब्रुवारी 2012 मध्ये दोन हर्क्युलस विमानं नाणी घेऊन माद्रिदजवळ उतरली.

बुडालेल्या जहाजांवरचा वारसा विकायला काढू नये, असा युनेस्कोचा करार 2001 मध्ये झाला. स्पेनने तो 2005 मध्ये मान्य केला. तोफा डागणारा ब्रिटन आणि खटला चालवणारी अमेरिका त्यात नाहीत.