आधी पाणी, मग पायवाट

मंडळी, नमस्कार. एकाच दिवसात कयाक आणि माउंटन बायकिंग, दोन्ही करायचं म्हटलं की एक हिशेब हमखास मांडला जातो. सायकलीला पाय लागतात, वल्हवायला हात. मग एक दमलं तरी दुसरं ताजंच राहणार! शरीर मात्र हा हिशेब मानत नाही. उतारावर नवखा माणूस ब्रेक सतत दाबून धरतो, त्यामुळे त्याचे पंजे आणि मनगटाच्या वरचे स्नायू आखडतात. वल्हं धरायला लागतात तेही हेच. सायकलवर तासन्‌तास वाकून बसल्यावर मांड्यांचे मागचे स्नायू आणि कंबर ताठरते. त्यानंतर कयाकमध्ये पाय पुढे लांब करून बसायचं म्हटलं, तर वीस मिनिटांत माणूस चुळबुळ करायला लागतो आणि होडी डुलायला लागते.

म्हणून माझा आग्रह असतो की आधी पाणी, मग पायवाट. याचं आणखी मोठं कारण वारा आहे. दिवस चढतो तशी जमीन तापते आणि उघड्या पाण्यावर साधारणपणे दुपारपासून वारा वाढत जातो. सकाळी शांत असलेल्या तलावावर दुपारी लाटा उठतात. वारा जितक्या लांब पाण्यावरून वाहत येतो, तितक्या त्या मोठ्या होतात. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफोर्ट मापनात ताशी १२ ते १९ किलोमीटरचा वारा तिसऱ्या क्रमांकावर येतो. तेव्हा पाण्यावर कुठे कुठे पांढरा फेस दिसू लागतो. ताशी २० ते २८ म्हणजे चौथा क्रमांक, तेव्हा फेस बऱ्याच ठिकाणी दिसतो. नवख्या लोकांना घेऊन निघालेल्या गटाने माझ्या मते पहिला फेस दिसला की काठ गाठावा.

इथे एक फसवी गोष्ट आहे. वारा काठाकडून पाण्याकडे वाहत असेल तेव्हा काठाजवळचं पाणी अगदी गुळगुळीत दिसतं, कारण झाडं आणि उंचवटे वारा अडवतात. वल्हवणारे मजेत आत जातात आणि परतताना तोच वारा तोंडावर येतो. अशा दिवशी काठाला धरूनच वल्हवावं. एरवीही जाताना वाऱ्याच्या विरुद्ध आणि येताना वाऱ्याबरोबर, असा मार्ग आखावा. उभं राहून वल्हवायचा बोर्ड कुणाकडे असेल तर त्याच्यावर जास्त लक्ष ठेवा, कारण उभा माणूस वाऱ्याला शिडासारखा सापडतो.

आता अंतर. मिश्र गट संथ पाण्यावर ताशी ३ ते ४ किलोमीटर धरावा, पट्टीचे वल्हवणारे यापेक्षा वेगाने जातात तरीही. म्हणजे ५ किलोमीटरची फेरी थांबे धरून दोन तासांची होते. लाइफ जॅकेट अंगात असलं पाहिजे आणि त्याचे पट्टे आवळलेले असले पाहिजेत. होडीत ठेवलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही. मॅनिटोबा विद्यापीठात थंड पाण्याचा अभ्यास केलेल्या गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी १-१०-१ हे सूत्र लोकांपुढे ठेवलं. थंड पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट श्वास ताब्यात आणायला जातं. पुढची साधारण १० मिनिटं हातपाय उपयोगाची हालचाल करू शकतात. शुद्ध हरपायला सुमारे एक तास लागतो. याचा अर्थ असा, की थंडीने गारठण्याच्या खूप आधी माणूस हात चालेनासे झाल्यामुळे बुडू शकतो. त्या वेळी त्याला तरंगत ठेवतं ते जॅकेट. निघण्यापूर्वी काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात प्रत्येकाने एकदा होडी उलटवून बाहेर यावं. हा अर्धा तास कुणाला फुकट गेल्यासारखा वाटतो, पण गटातली निम्मी भीती तिथेच जाते.

पाण्यातून सायकलवर जाताना मधे पाऊण तास ठेवाच. ओल्या कपड्यांत सीटवर बसलं की कातडी सोलवटते, म्हणून कोरडी सायकलिंगची चड्डी आणि मोजे वेगळ्या पिशवीत हवेत. याच वेळात खाणं होतं, सीटची उंची बसवली जाते, टायरमधली हवा पाहिली जाते. साधनं कमी असतील तर गटाचे दोन भाग करून अदलाबदल करता येते. मात्र मग दुसऱ्या फेरीला पाण्यावर जाणाऱ्यांना जास्त वारा लागणार. त्या फेरीत सराव असलेले ठेवा, नवख्यांना सकाळचं पाणी द्या. सायकली हातोहात फिरणार असतील तर साधे सपाट पेडल बरे, म्हणजे कुठलाही बूट चालतो.

पायवाट निवडताना गटाच्या नेहमीच्या कुवतीपेक्षा एक पायरी खालची घ्या. खुणांची पद्धत ठिकाणाप्रमाणे बदलते, पण हिरवी सर्वांत सोपी, निळी त्याच्या वरची आणि काळी अवघड, हे बहुतेक ठिकाणी सारखं असतं. मला सर्वांत आवडतो तो प्रकार म्हणजे पुन्हा पुन्हा तळावर येणाऱ्या छोट्या फेऱ्या. ज्याचं पोट भरलं तो पहिल्या फेरीनंतर थांबतो, कुणाला त्याच्यासाठी परत फिरावं लागत नाही. पुढे वाट माहीत असलेला एक, मागे ट्यूब, पंप आणि साखळीची हत्यारं घेतलेला एक, आणि प्रत्येक फाट्यावर सगळे जमेपर्यंत थांबणं. शेवटचा पोचल्या पोचल्या बाकीचे निघतात, हे मात्र मला फार खटकतं. पुढच्यांची विश्रांती झालेली असते, पण ज्याला तिची गरज सर्वांत जास्त तो दम न घेताच पुन्हा पेडल मारतो. विश्रांतीचे मिनिट शेवटचा माणूस आल्यापासून मोजा.

वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वादळ साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. लगेच पाण्याबाहेर या, उघड्या माथ्यावरून खाली उतरा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पुन्हा निघू नका. पाऊस पडून गेल्यावर वाट चिखलाची असेल तर सायकल काढूच नये. चाकांनी पडलेल्या चऱ्यांतून पुढे पाणी वाहतं आणि वाट खचत जाते.

गटात नसलेल्या एका माणसाकडे सगळ्यांची नावं, दोन्ही मार्ग आणि परतीची वेळ लिहून द्या. किती उशीर झाल्यावर त्याने मदत बोलवायची, हेही ठरवून ठेवा. घरी निघण्याआधी होडीतलं पाणी तिथेच काठावर ओता, होडी आणि टायर धुऊन पूर्ण वाळवा. परक्या शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं होडीतल्या पाण्यातून आणि तणांचं बी टायरच्या चिखलातून पुढच्या जागी पोचतं. सामान वाळलेलं नसेल तर पुढच्या आठवड्यात ते दुसऱ्या तलावावर नेऊ नका.