सांताना: चुन्यात घडलेलं चर्च

[समोरून पूर्ण दर्शनी भाग. पहाटेचं तिरपं ऊन.]

गोव्यात तिसवाडी तालुक्यात, पिलारजवळ तळावली. गावाचं पॅरिश चर्च सांत आनाचं, म्हणजे मरियेच्या आईचं. लोक नुसतं ‘सांताना’ म्हणतात. आज दिसते ती इमारत पाद्री फ्रांसिस्कु दु रेगु यांनी १६८० च्या दशकात उभारायला घेतली. पुरी झाली १६९५ मध्ये.

[कॅमेरा पायथ्यापासून वर.]

मजल्यावर मजला चढवलेलं मुख, दोन्ही अंगांना चौकोनी मनोरे. जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन चर्चचं मुख याच घाटाचं होतं. तिथला मठ १८३५ मध्ये ओस पडला, १८४२ मध्ये कमानी छत कोसळलं; आता ४६ मीटरचा भग्न मनोरा उभा आहे. ते मुख कसं होतं, याचा अंदाज घ्यायचा तर तळावलीला यावं.

[आतून. गोलाकार कमानी छत, मग भिंतीतले कोनाडे.]

कोनाड्यांच्या माथ्यावर शिंपले. एकेका पाकळीची पन्हळ मोजून घ्यावी इतकी स्वच्छ. भिंती पोकळ आहेत. त्यांच्या जाडीतून माणूस चालत जाऊ शकतो. या वाटेनं कोणाच्या नजरेस न पडता कन्फेशनला, म्हणजे पाद्र्यापुढे पापांची कबुली द्यायला, जाता येई, असं सांगतात.

[शिंपल्याचा अगदी जवळून शॉट.]

आता हा शिंपला. जांभ्यात असं नक्षीकाम होत नाही. चिरा भोकाळ, छिन्नी लावली की कड ढासळते. जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चच्या मुखावरच्या कोरीव कामासाठी काळा दगड थेट वसईहून आणला. इथे कारागिरांनी चुन्यावर काम भागवलं, आणि खरं तर जास्त मोकळ्या हातानं.

[भट्टी. टाकी. चुना मळायची घाणी.]

गोव्याचा चुना शिंपल्यांचाच. शिंपले भट्टीत भाजायचे, पाण्यात विझवायचे. विझताना चुना उकळतो, अंगावर उडतो, म्हणून चुन्यात पाणी नाही, पाण्यात चुना. मग टाकीत पाण्याखाली मुरवायचा. काही आठवडे तरी, महिने मिळाले तर उत्तम. कच्चा राहिलेला खडा गिलाव्यात गेला तर नंतर ओल लागून फुगतो आणि वरचा टवका उडवतो. मुरलेल्या चुन्याच्या एका भागाला वाळू अडीच ते तीन भाग, तीही धुतलेली. खारी वाळू चालत नाही. घाणीत मळताना गूळ आणि हिरड्याचं पाणी.

[भिंतीवर पाणी मारणारा हात, मग थापी.]

चिरा आधी भिजवायचा. कोरडा राहिला तर चुन्यातलं पाणी पिऊन टाकतो आणि थर सुटतो. पहिला हात भरड, वरचा बारीक, मध्ये दिवस जाऊ द्यायचे. कंगोऱ्यावर पत्र्याचा साचा ओढायचा, शिंपला मात्र हातानंच. वर ओलं गोणपाट. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो. त्याला घाई चालत नाही. ठेकेदाराला असते.

[सिमेंटचा फुगलेला तुकडा, मागे लाल भुगा.]

हे सिमेंट. भिंत पाणी पिते, ते सिमेंटमधून बाहेर पडायला वाट नाही. आतले क्षार तिथेच साकळतात आणि चिऱ्याची माती करतात. बॉम जेझूवरचा गिलावा तर १९५० च्या दशकात काढूनच टाकला. तिथला उघडा जांभा झिजतोय.

[पाऊस. छत्र्या. वेदीपाशी हिरव्या काकड्या.]

सांत आनाचा सण २६ जुलै, ऐन पावसात. हे तवशांचं फेस्त, म्हणजे काकड्यांचा सण. पोर्तुगीजमध्ये काकडी ‘पेपिनु’, बाळ ‘मेनिनु’. नवसाचं यमक जुळलं: काकडी वाहून बाळ मागायचं. नवरी हवी त्यानं ‘कुल्येर’ म्हणजे चमचा वाहायचा, कारण बायको ‘मुल्येर’. नवरा ‘मारिदु’, म्हणून मुली उडीद आणतात.

[मुखावरून ओघळणारं पाणी. निवेदन नाही.]