बसलेल्या पायाची परीक्षा

श्रोतेहो, नमस्कार. कडाक्याच्या थंडीत शिकारीला गेलेला माणूस चालतो थोडा आणि दबा धरून बसतो फार. म्हणून त्याच्या बुटांची ऊब तपासायची ती बसलेल्या पायावर. पुन्हा सांगतो, बसलेल्या पायावर.

बुटावर ४००, ८०० ग्रॅम असे आकडे असतात. ते अस्तराचं दर चौरस मीटर वजन, तापमान नव्हे. सुरक्षा बुटांच्या आंतरराष्ट्रीय मानकात थंडीची चाचणी आहे. उणे १७ अंशांच्या पेटीत अर्धा तास बूट ठेवतात, आतलं तापमान १० अंशांहून जास्त उतरता कामा नये. पण त्या बुटात पाय नसतो, पोलादी गोळ्या असतात. गोळ्यांना घाम येत नाही, त्यांच्या रक्तवाहिन्याही आखडत नाहीत.

आता माझी अतिशय आवडती गोष्ट. १९११ साल, अंटार्क्टिका. नॉर्वेचा शोधप्रवासी रोआल्ड आमुंडसेन आणि त्याचे सोबती बर्फाच्या काठावरच्या झोपडीत हिवाळा काढत होते. त्यांचे बूट खास बनवून घेतलेले, तरी ताठर आणि आतून अपुरे. मग झोपडीतच ते उसवले, मोठे केले, परत शिवले. आठ सप्टेंबरला आठ जण घाईनं दक्षिण ध्रुवाकडे निघाले. पारा उणे ५६ अंशांपर्यंत उतरला. सामान वाटेतल्या साठ्यावर टाकून त्यांना माघारी यावं लागलं, काहींच्या टाचांना हिमदंश झालेला. आल्यावर पहिलं काम काय? बूट पुन्हा उसवले! आणखी मोजे मावावेत, बोटं हलावीत म्हणून. ऑक्टोबरमध्ये पाच जण पुन्हा निघाले आणि १४ डिसेंबर १९११ला ध्रुवावर पोहोचले.

त्या पाचांत ऑस्कर विस्टिंग होता. शिलाई मशीनवर तंबू शिवणारा माणूस. मोहिमांच्या इतिहासात सुईदोऱ्याचं काम करणाऱ्यांची नावं कप्तानाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापली पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. शाळेच्या पुस्तकांतसुद्धा!

तर, बुटात जागा हवी. घट्ट बुटात रक्त पोचत नाही, मोज्यांतली हवा चेपते, आणि ऊब धरून ठेवते ती हवाच. दुकानात जाड मोजे घालूनच माप घ्या.

घरची चाचणी सोपी. वायरवाल्या थर्मामीटरचं टोक अंगठ्याला चिकटपट्टीनं लावा, बूट चढवा आणि बाहेर थंडीत हालचाल न करता बसा. दर दहा मिनिटांनी आकडा लिहा. दोन जोड्यांत निवड करायची असेल तर एका पायात एक, दुसऱ्यात दुसरा. दुसऱ्या दिवशी पाय बदला, कारण दोन्ही पाय सारखे गार पडत नाहीत. डोकं आणि अंग मात्र नीट झाकलेलं हवं. धड गारठलं की शरीर आधी पायांचं रक्त कमी करतं, आणि दोष बुटाला लागतो. मोजे कोरडेच हवेत, कोरडेच. आणि बोटं बधिर झाली की वही तशीच ठेवून ताबडतोब आत या.