आई नोकरीला लागली, मग घरकाम कुठे गेलं?

नमस्कार मंडळी. या मटारच्या शेंगा बघा. चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल ५ मे १९९२ ला पहिल्यांदा धावली, तेव्हापासून माझी आई त्या गाडीने यायची. बसायला मिळालं की मांडीवर वर्तमानपत्र पसरायचं आणि बोरिवली येईपर्यंत मटार सोलून तयार. लहानपणी मला ते गमतीचं वाटायचं. आज कळतं, तिचं घरकाम गाडीतच सुरू होत होतं.

आता सरकारच्याच वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे घ्या. २०१९ मध्ये घरकाम करणाऱ्या बायकांची त्यातली रोजची सरासरी होती २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. २०२४ मध्ये बायकांची २८९, पुरुषांची ८८. यात कमावत्या आणि न कमावत्या सगळ्याच आल्या. पण बघा, बायकांची दहा मिनिटं कमी झाली, तर पुरुषांचीही नऊ झाली. म्हणजे बाईच्या हातून सुटलेलं काम पुरुषाने उचललं, असं दिसत नाही.

आमच्याकडे ते आजीने उचललं. डबा, शाळेची बस, पाढे. साठीनंतर तिला पुन्हा लेकुरवाळं व्हावं लागलं, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं. संध्याकाळी आईला पाच मिनिटं उशीर झाला की दोघींची धुसफूस. सासू-सुनेचं भांडण आपण स्वभावावर ढकलतो. आमच्या घरात ते वेळेवरून होतं, आणि त्यात बाबा कुठेच नसायचे.

आजी नसेल तिथे कामाच्या मावशी येतात. त्याही नोकरी करणारी आईच ना? सकाळी सातला त्या तुमच्या-आमच्या पोरांचे डबे भरतात, तेव्हा त्यांची थोरली लेक धाकट्याला आंघोळ घालत असते.

कायदाही आईलाच धरून चालतो. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. ते हवंच होतं. पण बापाला? केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस. खाजगी नोकरीत कायद्याने काहीच नाही. बाळ का रडतंय हे पहिले सहा महिने एकट्या आईलाच कळू लागलं, की 'तुलाच जमतं गं' हे कायमचं तिच्या गळ्यात पडतं.

मी तिसरीत असताना आईला दीड महिना ट्रेनिंगला नागपूरला जावं लागलं. आजी आजारी, गावी. माझ्या दोन वेण्या घालायला घरात बाबांशिवाय कुणीच नव्हतं. पहिल्या दिवशी एक वेणी कानाच्या वर, एक मानेशी. रिबीन शाळेत पोचण्याआधीच सुटली. तिसऱ्या आठवड्यात त्यांना भांग सरळ जमायला लागला.

आई परत आली, तिने कंगवा हातात घेतला, आणि मी सवयीने बाबांसमोर जाऊन बसले. तिने तो कंगवा त्यांच्या हातात दिला. दहावीपर्यंत माझ्या वेण्या बाबांनीच घातल्या.