बावीस अक्षरांचा आरएनए आणि कॅन्सर
(सांगलीत, विश्रामबागेत झालेल्या व्याख्यानाचं थोडं काटछाट केलेलं शब्दांकन)

कॅन्सर म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, कुठला जीन बिघडला हो? प्रश्न बरोबरच आहे आणि पुष्कळदा त्याचं उत्तरही मिळतं. पण आज मला बोलायचंय ते अशा केसेसबद्दल की जिथं जीन शाबूत आहे, त्यातून निघणारं प्रोटीन पण अगदी नॉर्मल आहे, फक्त ते नको तेवढं जास्त बनतंय, आणि नुसत्या त्या जास्तीनं पेशी बिथरते. हे कमी-जास्त सांभाळणाऱ्यांपैकी एक म्हणजे मायक्रोआरएनए.

शाळेत आपण शिकलो, डीएनएवरून मेसेंजर आरएनए निघतो आणि त्यावरून प्रोटीन. मेसेंजर आरएनए हजारो अक्षरांचा, म्हणजे एकापुढं एक जोडलेल्या रासायनिक घटकांचा, असू शकतो. मायक्रोआरएनए साधारण बावीस अक्षरांचा, आणि त्याच्यावरून प्रोटीन वगैरे काही बनत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या मेसेजला जाऊन चिकटतो आणि तो मेसेज दाबतो. आपल्याकडं मोटर एक असते आणि कुठल्या रानात किती पाणी सोडायचं ते चावीवर ठरतं, तसं म्हणा. पण उपमा इथंच सोडतो, कारण चावी एका रानाची असते आणि एक मायक्रोआरएनए शंभरेक जीन्सवर हात ठेवून असतो, सगळी भानगड तिथंच सुरू होते.

एक नमुना फळ्यावरच लिहितो, मागच्यांना दिसतंय ना? यू जी ए जी जी यू ए जी यू ए जी जी यू यू जी यू ए यू ए जी यू यू. मोजा, बावीस. याचं नाव लेट-७. यातलं दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतचं बघा, जी ए जी जी यू ए जी, ही सात अक्षरं म्हणजे सीड. समोरच्या मेसेजच्या शेपटाकडं या सातांची जोडी जुळली की बहुतेक वेळा काम झालं, बाकीची जुळली काय आणि अर्धवट जुळली काय. हा मायक्रोआरएनए आधी लांब असतो, दुमडून हेअरपिनसारखा झालेला, त्याला ड्रोशा आणि डायसर ही दोन एन्झाइम्स कापतात आणि मग आर्गोनॉट नावाचं प्रोटीन त्याला धरून मेसेज शोधत फिरतं.

हे सापडलं एका अळीत, सी. एलेगन्स, एक मिलिमीटर लांब. व्हिक्टर ॲम्ब्रॉस आणि गॅरी रव्हकुन यांनी १९९३ साली दाखवलं की लिन-४ हा चिमुकला आरएनए लिन-१४ या जीनच्या मेसेजला चिकटून त्याचं प्रोटीन कमी करतो. आणि लोकांनी काय केलं? काही नाही. अळीचं काहीतरी खूळ असेल म्हणून सोडून दिलं. मग २००० साली रव्हकुनच्याच लॅबमधून हा लेट-७ आला आणि तो अळीत आहे, माशीत आहे, माणसात पण आहे, असं दिसल्यावर सगळे खडबडून जागे झाले. दोघांना नोबेल मिळालं २०२४ मध्ये, म्हणजे एकतीस वर्षांनी.

आता कॅन्सर. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण ही गोष्ट मला फार आवडते. सीएलएल म्हणून एक ब्लड कॅन्सर आहे, उतारवयात होतो, बऱ्याचदा दुसऱ्याच कशासाठी ब्लड टेस्ट केली आणि पांढऱ्या पेशी वाढलेल्या निघाल्या असा सापडतो. यातल्या निम्म्याहून जास्त पेशंट्समध्ये तेराव्या क्रोमोसोमचा एक ठराविक तुकडा गायब असतो. तुकडा गायब म्हणजे त्यात कॅन्सर रोखणारा जीन असणार, असा साधा हिशोब, म्हणून कितीतरी लॅब्स वर्षानुवर्षं तिथं तो जीन शोधत बसल्या, एकेक जीन काढून तपासला, आणि एकही बसेना. २००२ मध्ये कार्लो क्रोचे आणि जॉर्ज कॅलिन यांच्या टीमनं दाखवलं की तिथं मिर-१५ आणि मिर-१६ असे दोन मायक्रोआरएनए शेजारी शेजारी बसलेत. सगळे प्रोटीनचा जीन शोधत होते आणि उत्तर प्रोटीन न बनवणाऱ्या जागेत होतं. कॅन्सरशी मायक्रोआरएनएचं नातं पहिल्यांदा इथं जुळलं.

हे दोघं करतात काय, तर २००५ मध्ये कळलं की बीसीएल-२ ला दाबून ठेवतात. बीसीएल-२ म्हणजे पेशीला मरू न देणारं प्रोटीन. तुकडा गेला, दाब गेला, बीसीएल-२ वाढलं आणि ज्या पेशीनं वेळेवर मरायला पाहिजे ती मरतच नाही, साठत राहते. बीसीएल-२ चा शोध आधीचाच, १९८० च्या दशकातला, पण त्याला अडवणारी गोळी व्हेनेटोक्लॅक्स, अमेरिकेत २०१६ मध्ये सीएलएलसाठीच मंजूर झाली.

उलटा प्रकार पण आहे. मिर-२१ हा पुष्कळ कॅन्सरमध्ये वाढलेला सापडतो, ब्रेस्ट, फुफ्फुस, आतडं, आणि मिश्री-मावा-गुटख्यामुळं आपल्याकडं ज्याचे पेशंट एवढे दिसतात त्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये पण. तो पीटेनसारख्या ब्रेक लावणाऱ्या जीन्सना दाबतो. २०१० मध्ये उंदरांवर एक प्रयोग झाला, त्यांच्यात मिर-२१ मुद्दाम वाढवला तर लिम्फोमा, म्हणजे लसीका पेशींचा कॅन्सर, झाला, आणि डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक देऊन तो बंद केला की गाठी काही दिवसांत विरघळल्या. डॉक्सीसायक्लिन इथं फक्त स्विच म्हणून होतं बरं का, कॅन्सरचं औषध म्हणून नाही, उद्या मेडिकलमध्ये जाऊन मागू नका.

आणि सांगलीत बोलतोय म्हणजे हळदीचा प्रश्न येणारच, आत्ताच एक चिठ्ठी आलीय. हो, हळदीतल्या कर्क्युमिननं मिर-२१ कमी होतो असं काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर दिसलंय. पण तिथं कर्क्युमिन थेट पेशीवर ओततात. आपण खातो तेव्हा ते आतड्यातून रक्तात जातच नाही म्हटलं तरी चालेल, आणि जे जातं ते लिव्हर लगेच निपटून टाकतं. मार्केट यार्डातल्या मंडळींनी रागावू नये, हळद आमटीत घाला, दुधात घाला, पण केमो थांबवून हळद सुरू केली असं कुणी सांगितलं तर मला ते अजिबात चालणार नाही.

मग औषध का नाही झालं? प्रयत्न झाला. मिर-३४ हा पी-५३ च्या, म्हणजे कॅन्सर रोखणाऱ्या एका प्रोटीनच्या, हुकमाखाली काम करतो, ट्यूमरमध्ये बऱ्याचदा कमी असतो, म्हणून तो कृत्रिम बनवून चरबीच्या कणांत भरून शिरेतून द्यायचा, असा ट्रायल २०१३ मध्ये सुरू झाला. कल्पना इतकी सरळ की कुणालाही पटावी. ८५ पेशंट्सना दिलं, तिघांच्या गाठी बऱ्यापैकी आकसल्या, पण इम्यून सिस्टीम बिथरून चार जण दगावले आणि २०१६ मध्ये ट्रायल बंद करावा लागला. मघाशी म्हटलं ना, एकाचा हात शंभरांवर. ट्यूमरमध्ये जे हवं ते रक्तातल्या इम्यून पेशींना सोसेलच असं नाही, आणि बाहेरून आलेला आरएनए म्हटलं की शरीराला व्हायरसचाच संशय येतो.

आता टेस्टचं. "एका थेंबात सगळे कॅन्सर" अशा जाहिराती मोबाइलवर येतात, त्यातल्या काहींत मायक्रोआरएनएचं नाव असतं. मायक्रोआरएनए रक्तात टिकतो हे खरं आहे, २००८ पासून माहितीय. पण सॅम्पल घेताना सुई बारीक पडली, ट्यूब जोरात हलवली, की लाल पेशी फुटतात आणि वरचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशी सोडून उरलेला द्रव, पिवळट असायचा तो गुलाबी दिसतो. लाल पेशींत मिर-१६ आणि मिर-४५१ ठासून भरलेले असतात, ते सगळे सॅम्पलमध्ये सांडतात, आणि मशीन बिचारं सांगतं, वाढलाय! पेशंटला काही झालेलं नसतं, ट्यूब हललेली असते. सुरुवातीचे कितीतरी पेपर यामुळंच एकमेकांशी जुळत नाहीत, असं माझं मत आहे.

एका ठिकाणी मात्र ही टेस्ट खरंच चांगली दिसतेय, वृषणाच्या कॅन्सरमध्ये, जो तरुण पोरांना होतो आणि लाजेपायी घरात कुणी बोलत नाही. त्यात मिर-३७१ रक्तात वाढतो. २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात दहातल्या नऊ केसेस यानं पकडल्या, रक्तात मोजायचे जुने मार्कर एएफपी आणि एचसीजी याच्या बरेच मागे पडले. पण आपल्याकडं तुमचा डॉक्टर अजून एएफपी, एचसीजी आणि सोनोग्राफीच लिहून देईल, आणि तेच बरोबर आहे. वृषणात न दुखणारी गाठ लागली तर मिर-३७१ कुठं होते ते शोधत बसू नका, सोनोग्राफी मिरजेत त्याच दिवशी होते.