दाराचा आकडा, टेबलाचा आकडा

(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: तापलेला रस्ता, बंद खिडक्या, ग्रंथालयाचं दार]

मे महिना. पारा ४५ अंशांच्या आसपास. दुपारी दीड वाजता नागपुरात रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. अशा दिवशी विद्यापीठ ग्रंथालयाच्या दारावरचं मोजणीयंत्र बारा ते चार जवळजवळ गप्पच असतं. संगणकावरच्या आलेखात त्या चार तासांचे स्तंभ पार तळाला बसतात. नुसता तो आलेख पाहणारा म्हणेल, दुपारी कुणी येत नाही, एक पाळी कमी करून टाका.

[दृश्य: वाचनकक्ष. कूलरची घरघर]

इथे आत या. कूलरसमोरच्या रांगेत एक खुर्ची मोकळी सापडणार नाही. सकाळी आठला येऊन बसलेली मुलं या उन्हात बाहेर पडतील कशाला? नवं कुणी येत नाही, जुनं कुणी जात नाही. दार येणाऱ्याला मोजतं, बसलेल्याला नाही.

यावर उपाय महागडा नाही. जाणाऱ्यांचीही नोंद ठेवली की वजाबाकी करून आत किती जण आहेत ते कळतं. तेही जमत नसेल तर शिपाईमामांनी दर तासाला एक फेरी मारून डोकी मोजावीत आणि कागदावर लिहावीत. या घटकेला किती जागा भरल्यात, हा एक आकडा महिन्याच्या एकूण उपस्थितीपेक्षा कितीतरी कामाचा. उन्हाळी परीक्षेच्या आधी वाचनकक्ष रात्री किती वाजेपर्यंत उघडा ठेवायचा, हे त्यावरून ठरवता येतं.

[दृश्य: जुन्या नोंदवह्यांची पानं]

मोजमाप ग्रंथालयांना नवं नाही. नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झालं, तेव्हा सहा महाविद्यालयं होती आणि ९२७ विद्यार्थी. तेव्हापासून आजपर्यंत ग्रंथालयाचा कारभार म्हटला की वह्या आल्याच: दाखलनोंदवही, देवघेव, विलंब शुल्क, दारावरची सही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांची पाच सूत्रं प्रसिद्ध झाली. त्यांतलं चौथं सूत्र आहे वाचकाचा वेळ वाचवण्याचं. गोंदियाहून सकाळच्या गाडीनं येऊन संध्याकाळी परतणाऱ्या मुलीला विचारा, तो वेळ काय असतो ते.

अडचण अशी, की या वह्यांतले आकडे बेरीज होऊन वार्षिक अहवालात जायचे, पाहणी समितीपुढे ठेवले जायचे आणि कपाटात परत जायचे. त्या आकड्यांवरून उद्या काय बदलायचं, हे फारसं कुणी विचारत नसे. डॅशबोर्डचा, म्हणजे महत्त्वाचे आकडे एका नजरेत दाखवणाऱ्या पानाचा, खरा उपयोग तिथे आहे. रंगीत वर्तुळं आणि चमकते बाण नसले तरी चालेल, साधी स्प्रेडशीटही पुरते. न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झालेली, २००० पासून वापरात असलेली कोहा ही ग्रंथालयाचा कारभार सांभाळणारी मुक्त संगणकप्रणाली आज भारतातल्या अनेक विद्यापीठांत आहे. तिच्यातून देवघेवीचा हवा तसा अहवाल काढता येतो. सोल ही इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्रीय संस्थेची प्रणालीही अहवाल देते.

[दृश्य: ओपॅकचा पडदा. शून्य निकाल]

पण कोणता अहवाल काढायचा? आमच्या मते सगळ्यांत आधी अपयशाचा. ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या पुस्तकसूचीत, कुणी ‘विदर्भ’ असं देवनागरीत टाइप करतं आणि उत्तर येतं, काही सापडलं नाही. पुस्तक असतं, पण त्याची नोंद कधीकाळी रोमन लिपीत झालेली असते. वाचक समजतो, ग्रंथालयात हे नाहीच. शून्य निकालाच्या शोधांची यादी दर आठवड्याला पाहिली, तर आधी कोणत्या नोंदी देवनागरीत करायच्या ते वाचकच सांगून ठेवतात.

दुसरं अपयश देवघेवीच्या खिडकीवर घडतं. ‘मॅडम, ते पुस्तक वापस आलं का?’ ‘नाही आलं अजून.’ मुलगा निघून जातो आणि त्याच्या येण्याची कुठेच नोंद राहत नाही. त्याचं आरक्षण तिथल्या तिथे घेतलं, तर मागणी मोजली जाते. नाहीतर प्रणालीच्या लेखी तो आलाच नव्हता.

[दृश्य: टेबलावर उघडी पडलेली पुस्तकं]

न वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांबद्दल मात्र जपून बोलावं. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाचा १९७९ चा अभ्यास गाजला होता: ग्रंथालयानं विकत घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळपास ४० टक्के पुस्तकं पहिल्या सहा वर्षांत एकदाही घरी नेली गेली नाहीत. त्यावर वादही जोरदार झाला. आपल्याकडे तर संदर्भग्रंथ घरी देतच नाहीत. मुलं ते टेबलावर वाचतात, टिपणं काढतात आणि तिथेच सोडतात. ती पुस्तकं कपाटात लावण्याआधी एकदा स्कॅन केली, तर त्यांचा वापर नोंदला जातो. कोहामध्ये त्याची सोय आहे. हे न करता ‘पडून असलेल्या’ पुस्तकांची यादी काढणं म्हणजे वाचलेल्या पुस्तकांवर अन्याय.

ई-नियतकालिकांचं गणित वेगळं. तिथले आकडे प्रकाशक देतात, ‘काउंटर’ नावाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार. लेख किती वेळा उघडले गेले ते त्यात असतंच, शिवाय वर्गणी नसल्यानं किती जणांना दारातून परत फिरावं लागलं, तेही असतं. जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली झाली. तेव्हा आता पाहायचं ते हे, की योजनेबाहेरचं काय लागतं आणि योजनेतलं जे आहे ते संशोधकांना ठाऊक तरी आहे का.

[दृश्य: ओळखपत्र वाचणारं यंत्र]

एक गोष्ट डॅशबोर्डवर येता कामा नये: कोण काय वाचतो. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी हे पाळायला हवं होतं. नावं काढून टाकणं पुरत नाही. एखाद्या विभागात तीनच संशोधक असतील, तर त्या विभागाचा आकडा म्हणजे जवळजवळ त्यांची नावंच. असे छोटे गट एकत्र करूनच दाखवावेत.

[दृश्य: कर्मचाऱ्यांची बैठक, भिंतीवर एक छापील पान]

महिन्यातून एकदा अर्धा तास बसावं. ग्रंथपाल, देवघेवीवरचे कर्मचारी, वाचनकक्षाचे शिपाईमामा, सगळ्यांनी. आलेखात खड्डा का पडला, हे बहुतेक वेळा त्यांनाच माहीत असतं: त्या दिवशी वीज गेली होती, नाहीतर परीक्षा पुढे ढकलली गेली होती. आणि ज्या आकड्यावर दोन सत्रं कुणी काहीच केलं नाही, तो काढून टाकावा. बहुधा पहिला नंबर लागेल एकूण ग्रंथसंख्येचा, जी सगळ्यांत मोठ्या अक्षरांत झळकत असते. ती वार्षिक अहवालात शोभते. तिच्या जागी आरक्षणाची रांग येऊ द्या: कोणत्या क्रमिक पुस्तकासाठी किती जण थांबलेत, किती दिवसांपासून आणि प्रती किती आहेत. खरेदी समितीच्या बैठकीत तेच पान सगळ्यांत आधी पुढे करता येतं.